सर्व्हिसिंगनंतर गरम इंजिनावर ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकतो; गाडी चालवावी का?

घाटवाट, पुणे

नमस्कार मंडळी,

माझी मोटरसायकल ६५० सीसीची, समांतर दोन सिलिंडरची असून तिचे इंजिन हवेने आणि तेलाने थंड होते. नुकतेच तिचे ठरलेले सर्व्हिसिंग एका बहुब्रँड गॅरेजमध्ये करून घेतले. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला, एअर फिल्टर नवा बसवला, थ्रॉटल बॉडी साफ केली, चेन ताणली आणि शेवटी नेहमीप्रमाणे प्रेशरच्या पाण्याने गाडी धुऊन दिली.

त्यानंतर महाबळेश्वरला निघालो. खंबाटकी ओलांडून वाईपर्यंत काहीच जाणवले नाही, पण पसरणी घाट चढून पाचगणीच्या बाजारात वाहनांच्या रांगेत थांबलो, तेव्हा न्यूट्रलमध्ये आयडलिंगला ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकू लागला. हलकी रेस दिली की दिवा विझायचा आणि रेस सोडली की पुन्हा लागायचा. मी इंजिन बंद केले, गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि थोडा वेळ थांबून काचेतून लेव्हल पाहिली. तेल दोन्ही खुणांच्या मध्ये, किंबहुना वरच्या खुणेकडे झुकलेले होते. इंजिनाखाली ठिपका नाही आणि फिल्टरभोवती ओल नाही.

गॅरेजला फोन केल्यावर उत्तर मिळाले की, तेल नवीन आहे, लेव्हल बरोबर आहे, धुताना सेन्सरमध्ये पाणी गेले असेल, दोन दिवसांत सुकेल, तोवर बिनधास्त चालवा. माझे समाधान झाले नाही, म्हणून गाडी पाचगणीतच ओळखीच्यांच्या अंगणात ठेवून मी एसटीने परत आलो आहे.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. लेव्हल बरोबर असताना हा दिवा लागू शकतो का? दोष स्विचचा आहे की खरोखरच प्रेशर कमी आहे, हे इंजिन न उघडता कसे ठरवावे? आणि परतीचा रस्ता बहुतेक उताराचाच असल्यामुळे गाडी हळूहळू चालवत खाली आणावी, की टेम्पोच करावा?

वंगण, नाशिक

टेम्पोच करावा. उतारावर इंजिनावर भार कमी असतो हे खरे, पण बंद थ्रॉटलवर आणि आयडलिंगच्या आसपासच तुमचा दिवा लागतो आहे आणि घाट उतरताना इंजिन बराच वेळ त्याच अवस्थेत असणार आहे.

लेव्हल बरोबर असतानाही दिवा लागू शकतो, कारण त्या दिव्याचा लेव्हलशी थेट संबंधच नाही. तेलाचा पंप दाब तयार करत नाही. तो फक्त तेल पुढे ढकलतो. क्रँकच्या आणि कनेक्टिंग रॉडच्या शेल बेअरिंगमधील (गोळ्या किंवा रोलर नसलेल्या, पातळ अर्धगोल कवचांच्या बेअरिंगमधील), तसेच हेडमधील कॅमच्या बैठकींमधील अतिशय बारीक फटींतून वाट काढताना त्या तेलाला जो अडथळा होतो, त्यातून दाब निर्माण होतो. त्यामुळे तेल पातळ झाले, फटी वाढल्या किंवा पंपाचे फेरे कमी झाले, तर संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या कप्प्यात, तेल काठोकाठ असूनही गॅलरीतला, म्हणजे तेलाच्या मुख्य वाहिनीतला, दाब घसरतो. बहुतेक मोटरसायकलींतील प्रेशर स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारच्या आसपास काम करतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा दाब 'थोडा कमी' झालेला नसतो, तो जवळपास संपलेला असतो.

हे मुद्दाम विस्ताराने लिहितो आहे, कारण आपल्याकडे 'तेल आहे ना, मग चालव' ही समजूत फार खोलवर रुजली आहे आणि ती रुजण्याला एक खरे कारण आहे. ज्या १०० ते १५० सीसीच्या एक सिलिंडरी गाड्यांवर आपले बहुतेक मेकॅनिक तयार झाले, त्यांतील क्रँक बॉल बेअरिंगवर आणि कनेक्टिंग रॉडचे मोठे टोक रोलर बेअरिंगवर फिरते. अशा बेअरिंगना तेलाचा शिडकावा आणि मामुली दाब पुरतो, म्हणून स्प्लेंडरसारख्या गाडीला प्रेशरचा दिवा दिलेलाच नसतो. शेल बेअरिंगच्या इंजिनात धातू आणि धातू यांच्यामध्ये केवळ दाबाने पोसलेली तेलाची पातळ साय असते. ती तुटली की बेअरिंग काही मिनिटांत खरवडते आणि हेडमधील कॅमच्या बैठकींना तर स्वतंत्र बेअरिंगही नसते, त्या थेट ॲल्युमिनियममध्ये घडवलेल्या असतात.

आता एक विनंती. बिल किंवा जॉब कार्ड पाहून तेलाची ग्रेड कोणती लिहिली आहे ते कळवा. दिवा थंड इंजिनावर लागत नाही, गरम झाल्यावर फक्त आयडलिंगला लागतो आणि रेस दिली की जातो, ही लक्षणे वायरीच्या दोषापेक्षा पातळ पडलेल्या तेलाची वाटतात.

पाना बारा, कोल्हापूर

माझे स्वतःचे छोटे वर्कशॉप आहे, म्हणून तपासण्याचा क्रम सांगतो. वरच्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण गेज लावल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, असे माझे ठाम मत आहे.

पहिली तपासणी वायरीची. साध्या जोडणीत हा स्विच इंजिनच्या बॉडीवर अर्थ होतो आणि दाब नसताना तो जोडलेल्या अवस्थेत असतो. म्हणूनच चावी फिरवून इंजिन बंद ठेवले असता दिवा लागलाच पाहिजे. त्या अवस्थेत स्विचवरची वायर काढा. दिवा विझला तर वायर शाबूत आहे. विझला नाही, तर वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकली आहे आणि मग दाब कितीही असला तरी दिवा लागणारच. फिल्टर काढताना पट्टा-पाना या वायरीवर घासण्याचे प्रकार मी पाहिले आहेत, शिवाय रबरी टोपी नीट बसली नसेल तर धुलाईचे पाणीही आत राहते. मात्र पाण्याने किंवा घासलेल्या वायरीने लागणारा दिवा इंजिनाच्या तापमानाचा आणि आरपीएमचा इतका शिस्तीत हिशेब ठेवत नाही. तुमचा दिवा तो ठेवतो आहे, त्यामुळे 'सुकेल' हे उत्तर मला पटत नाही.

दुसरी तपासणी गेजची, आणि खरा निकाल तीच देते. स्विच काढून त्याच्या जागी ॲडॅप्टर लावून यांत्रिक प्रेशर गेज बसवावा. अनेक जपानी इंजिनांत हा आटा एक अष्टमांश इंची निमुळता असतो; इतर इंजिनांत आटा मोजूनच ॲडॅप्टर घ्यावा, कारण ॲल्युमिनियममध्ये चुकीचा आटा एकदा पिळला की पुढचे काम वेगळेच होऊन बसते. थंड इंजिनावरचे आकडे फसवे असतात, म्हणून तेल पूर्ण गरम होऊ द्यावे आणि मग आयडलिंगला व मॅन्युअलमध्ये दिलेल्या आरपीएमला वाचन घ्यावे.

आकड्याइतकेच काट्याच्या वागण्याकडेही लक्ष द्यावे. गरम आयडलिंगला दाब कमी पण तीन हजारांच्या पुढे व्यवस्थित असेल, तर तेल पातळ आहे, आयडलिंग खाली गेले आहे किंवा बेअरिंग झिजली आहेत. सगळ्याच आरपीएमला दाब कमी असेल, तर संपमधील जाळी तुंबली आहे, पंप कमजोर आहे किंवा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) कचरा अडकून अर्धवट उघडा राहिला आहे. काटा थरथरत असेल, तर पंप हवा ओढतो आहे. तेल कमी असले तर तसे होतेच, पण प्रमाणाबाहेर जास्त भरले आणि फिरते भाग त्यात बुडून फेस झाला तरीही तसेच होते. जाळी तुंबण्याचे एक कारण सर्व्हिसिंगमध्येच तयार होते: पॅकिंगला थापलेल्या सिलिकॉनचे जादा ओघळ आत सुटतात आणि तेलाबरोबर जाळीवर जाऊन बसतात. सफाईदार दिसावे म्हणून भरपूर पेस्ट लावणाऱ्या माणसाकडे मी इंजिनाचे काम देत नाही.

स्विच परत बसवताना आट्यावर टेफ्लॉन टेपचे वेढेच्या वेढे देऊ नका. स्विचला अर्थ त्या आट्यातूनच मिळतो. तो तुटला की दिवा कायमचा बंद राहतो आणि मालकाला वाटते की गाडी दुरुस्त झाली.

घाटवाट, तुमची थ्रॉटल बॉडी साफ केली आहे. त्यामुळे आयडलिंग खाली गेले असावे, हा माझा पहिला संशय आहे. आयडलिंग किती आहे ते काट्यावर पाहून कळवा.

तिसरा गिअर, ठाणे

आणखी एक शक्यता नोंदवतो. स्पिन-ऑन (डब्यासारखा, फिरवून बसवायचा) फिल्टर काढताना जुन्या फिल्टरचे रबरी वायसर कधी कधी इंजिनाच्या बैठकीलाच चिकटून राहते आणि नवा फिल्टर त्यावरच आवळला जातो. सुरुवातीला गळती दिसत नाही, मग दाब वाढला की एकदम तेल फेकते, आणि समोर बसवलेल्या फिल्टरचे तेल थेट मागच्या चाकाच्या वाटेवर येते. ज्या गाड्यांत कागदी कार्ट्रिज फिल्टर असतो, तिथे तो उलटा बसवणे, त्याची स्प्रिंग विसरणे किंवा झाकणाची लहान ओ-रिंग जुन्या फिल्टरबरोबर फेकून देणे, हे प्रकार होतात. तुमच्याकडे ओल नाही म्हणता, तरी फिल्टर एकदा काढून बैठक बोटाने चाचपून पाहावी.

घाटवाट, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. गाडी टेम्पोने पुण्यात आणली आणि गेज असलेल्या दुसऱ्या एका मेकॅनिककडे नेली. तपासणीच्या वेळी मी शेजारी उभा होतो, त्यामुळे क्रमवार लिहितो.

जॉब कार्डवर तेलाच्या ओळीत १०डब्ल्यू-३० असे लिहिलेले आहे आणि पुढे 'सुटे' असा शेरा आहे. म्हणजे तेल ड्रममधून मापाने भरले होते. माझ्या मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-५० सांगितले आहे.

वायर काढताच दिवा विझला, त्यामुळे वायर निर्दोष ठरली. रबरी टोपीत पाणी किंवा हिरवट गंज नव्हता. स्विचच्या जागी गेज लावून इंजिन सुरू केले. थंड असताना काटा चार बारच्या आसपास गेला. मग पुढे मोठा पंखा लावून इंजिन गरम होऊ दिले आणि शेवटी पंखा बंद केला. जसजसे इंजिन तापत गेले तसतसा काटा खाली येत गेला आणि आयडलिंगला अर्ध्या बारच्याही खाली जाऊन टेकला. तीन हजारांना तोच काटा तीन बारच्या जवळ स्थिर राहत होता, थरथर अजिबात नव्हती.

आयडलिंगबद्दलचा संशयही खरा निघाला. मॅन्युअलमधील आकड्यापेक्षा ते सुमारे तीनशे आरपीएमने खाली होते. थ्रॉटल बॉडी साफ केल्यानंतर करावयाचे सेटिंग केलेलेच नव्हते. मेकॅनिकने आधी तेवढेच दुरुस्त केले, तेल तेच ठेवले आणि पुन्हा गेज पाहिला. दाब थोडा वाढला आणि लुकलुक थांबली, पण पंखा बंद ठेवून इंजिन आणखी तापू दिल्यावर काटा परत त्याच धोक्याच्या जागी आला. त्यानंतर तेल काढले. मोजल्यावर त्याचे प्रमाण बरोबर निघाले. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर नेहमीची राखाडी, लोण्यासारखी मऊ पूड होती, टोचणारा कण नव्हता. फिल्टरच्या बैठकीवर एकच वायसर होते. नवा फिल्टर आणि सीलबंद कॅनमधील १०डब्ल्यू-५० भरल्यावर, तितक्याच तापलेल्या इंजिनावर आयडलिंगला काटा एक बारच्या वर राहिला.

आता दोन प्रश्न उरतात. मधल्या काळात बेअरिंगना इजा झाली असेल का, हे कसे ओळखावे? आणि निव्वळ तेलाच्या ग्रेडमुळे इतका फरक पडतो का?

वंगण, नाशिक

ग्रेडचा फरक किती मोठा असतो, हे आकड्यांतच पाहू. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या वर्गीकरणात दुसरा आकडा ३० असलेल्या तेलाची १०० अंश सेल्सिअसला श्यानता (दाटपणा) ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असते, तर ५० असलेल्या तेलाची १६.३ ते २१.९ च्या दरम्यान. म्हणजे तुमच्या इंजिनात ठरवलेल्यापेक्षा साधारण सव्वापट ते दुपटीहून अधिक पातळ तेल फिरत होते. शिवाय हवेने आणि तेलाने थंड होणाऱ्या इंजिनात घाट चढून लगेच रांगेत थांबल्यावर तेलाचे तापमान १०० अंशांवर थांबत नाही, ते सहज पुढे जाते आणि तेल आणखी पातळ होते. दोन्ही तेलांच्या नावात सुरुवातीला '१०डब्ल्यू' सारखेच आहे, कारण तो आकडा फक्त थंडीतील वर्तन सांगतो. सकाळी सुरू करताना तुम्हाला फरक जाणवला नाही, तो त्यामुळेच.

हे तेल वाईट होते असे मुळीच नाही. १०० ते १२५ सीसीच्या अनेक गाड्यांना १०डब्ल्यू-३० हेच योग्य आहे, म्हणून गॅरेजमध्ये त्याचा ड्रम असतो आणि समोर येईल त्या गाडीत त्याच ड्रममधून तेल जाते. माझा आक्षेप या सवयीला आहे. तीन लिटरहून अधिक तेल लागणाऱ्या, शेल बेअरिंगच्या इंजिनाचा मालक पूर्ण पैसे मोजतो, तेव्हा मॅन्युअलमधील ग्रेड सीलबंद कॅनमधून, त्याच्या डोळ्यांसमोर भरली गेली पाहिजे. कॅनवर जासो या जपानी वाहन-मानक संस्थेचे एमए किंवा एमए-२ हे चिन्हही पाहावे. ते वर्गीकरण १९९८ मध्ये आले, ते क्लच आणि इंजिन एकाच तेलात चालणाऱ्या मोटरसायकलींसाठीच. ते दाबाबद्दल काही सांगत नाही, क्लच घसरणार नाही एवढे सांगते. दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात.

इजेबद्दल माझे मत असे की, तुम्ही दिवा दिसताच इंजिन बंद केले आणि भाराखाली, म्हणजे घाट चढताना, आरपीएम वर असल्यामुळे दाब पुरेसा होता. बेअरिंग मरते ती भार असताना साय तुटली तर. आयडलिंगला भार अल्प असतो. नव्या तेलावर गरम दाब परत जागेवर आला, हाच फटी वाढल्या नसल्याचा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे.

पाना बारा, कोल्हापूर

आयडलिंग हेच मूळ कारण असेल असे मला वाटत होते, पण तुमच्या मेकॅनिकने दोन्ही बदल वेगवेगळे करून पाहिल्यामुळे तेलाचा वाटा मोठा असल्याचे स्पष्ट झाले. एका वेळी एकच बदल करणारा माणूस तुम्हाला मिळाला आहे, त्याला सोडू नका.

इजेची खात्री करायची असेल, तर काढलेला जुना फिल्टर उघडून पाहता येईल. तो हॅकसॉने कापू नये, कारण पात्याचाच लोखंडी कीस आत पडतो आणि मग तोच इंजिनाचा वाटून घबराट होते. डबे उघडतात तशा गोल फिरणाऱ्या फिल्टर कटरने कापावा, आतला घड्यांचा कागद सोडवून पांढऱ्या फडक्यावर दाबून निथळावा आणि उन्हात तिरका धरून पाहावा. थोडी राखाडी धूळ चालते. क्लच प्लेटचे काळसर तंतूही सापडतील, त्यांची चिंता नको. मात्र तांबूस किंवा चांदीसारख्या चमकणाऱ्या पातळ पापड्या दिसल्या, तर त्या शेल बेअरिंगच्या थरांच्या असू शकतात आणि मग इंजिन सुरू न करता खालचा भाग उघडावा लागतो.

फिल्टर बदलल्यानंतर पहिल्यांदा इंजिन सुरू करतानाची काळजीही इथेच लिहून ठेवतो, कारण पुढच्या वेळी उपयोगी पडेल. नवा फिल्टर रिकामा असतो, त्यामुळे दिवा दोन-चार सेकंद जास्त लागलेला राहू शकतो. तेवढ्या वेळात रेस अजिबात देऊ नये. त्यानंतरही विझला नाही तर लगेच बंद करावे. इंजिन उघडले असेल किंवा गाडी फार दिवस बिनतेलाची उभी असेल, तर दोन्ही प्लग काढून, ते कॅपमध्येच ठेवून बॉडीला नीट टेकवून आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडवून, थोडा थोडा वेळ स्टार्टर मारावा. सिलिंडरमध्ये दाब नसल्यामुळे बेअरिंगवर भार येत नाही आणि पंप तेल ओढून घेतो. प्लग लोंबते सोडून स्टार्टर मारू नये. कॉइल खराब होण्याची शक्यता असते. जुन्या बुलेटचे मिस्त्री हेडवर रॉकरकडे जाणाऱ्या पाइपचा बोल्ट किंचित ढिला करून तिथे तेल पोहोचले की नाही ते डोळ्यांनी पाहत आणि मगच गाडी मालकाच्या हाती देत. आजच्या इंजिनात तो पाइप बाहेर नाही, त्याची जागा या लाल दिव्याने घेतली आहे.

घाटवाट, पुणे

जुना फिल्टर मेकॅनिककडे जपून ठेवला होता, तो कटरने उघडून घेतला. कागदाच्या घड्यांत राखाडी धूळ आणि काही काळे तंतू आहेत. उन्हात धरूनही चमकणारी पापडी दिसली नाही. स्विच मूळचाच परत बसवला असून चावी फिरवल्यावर दिवा लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. आधीच्या गॅरेजला जॉब कार्डची प्रत आणि गेजचे फोटो देऊन मी लेखी तक्रार केली, तेव्हा त्यांनी तेलाची रक्कम परत केली आणि मोठ्या इंजिनांसाठी वेगळे कॅन ठेवण्याचे मान्य केले. रविवारी त्याच घाटाने गेलो, पाचगणीच्या रांगेत मुद्दाम इंजिन चालू ठेवून थांबलो. दिवा लागला नाही.

वंगण, नाशिक

उत्तम झाले. हे तेल मॅन्युअलमधील पूर्ण अंतरापर्यंत न नेता यावेळी हजार किलोमीटरनंतर बदला, कारण आधीच्या पातळ तेलाचा काही अंश इंजिनाच्या कप्प्यांत आणि ऑइल कूलरच्या नळ्यांत राहिलेला असतो. तो फिल्टरही उघडून पाहा. आणि गेजचे गरम आयडलिंगचे वाचन तारीख व किलोमीटरसह सर्व्हिस बुकात लिहून ठेवा, म्हणजे पुढे कधी दिवा लागला तर तुलना करायला या इंजिनाचा स्वतःचा आकडा हाताशी असेल.